डेबियन 11 चं 12 केल्यावर पोस्टग्रेसचे दोन सर्व्हर दिसतात. जुना काढू का?

वाचनालय_सेवक

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा संगणक मी सांभाळतो. पुस्तकांची सूची, सभासद, वर्गणी आणि रोजची देवघेव असं सगळं पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरमध्ये आहे. त्यावर जँगोत (पायथनमधल्या एका वेब चौकटीत) लिहिलेलं छोटं ॲप्लिकेशन चालतं. ज्या मुलाने ते लिहून दिलं तो आता परदेशात असतो. विचारलं की सांगतो, पण त्याची रात्र ती आमची सकाळ.

मशीनवर डेबियन 11 हे लिनक्सचं वितरण होतं, त्याचं 12 केलं. अपग्रेड कुठेही न अडकता झालं आणि ॲप्लिकेशनही चालू आहे. पण सर्व्हरांची यादी दाखवणारी पीजी_एलएसक्लस्टर्स ही आज्ञा चालवली तर दोन ओळी येतात. पहिली 13 मेन, पोर्ट 5432, ऑनलाइन. दुसरी 15 मेन, पोर्ट 5433, तीही ऑनलाइन. मी 15 बसवायला सांगितलंच नव्हतं.

आमच्याकडे संगणक दुरुस्तीला येणारे गृहस्थ म्हणाले, "13 चं पॅकेज पर्ज करा, नवीन सर्व्हर डेटा आपोआप उचलेल." मला हे पटत नाहीये. डेटाबेस दीड जीबीच्या आसपास आहे आणि डिस्कवर जागा भरपूर आहे. 13 तसंच चालू ठेवलं तर काही बिघडेल का? की काढायचंच? आणि काढायचं तर नेमकं कसं?

---

कंटेनरवाला

एवढी उठाठेव करण्यापेक्षा डॉकरमध्ये टाका, म्हणजे प्रोग्राम स्वतःच्या वेगळ्या कंटेनरमध्ये चालेल. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज घ्यायची, डेटाची डिरेक्टरी बाहेरून जोडायची, विषय संपला. मग डेबियन 11 असो की 12, डेटाबेसला फरक पडत नाही. वितरणाच्या पॅकेजांतल्या आवृत्त्या तशाही मागे असतात.

---

पुणे_डीबीए

वाचनालय_सेवक, सगळ्यात आधी: पर्ज करू नका. तुम्हाला जे पटलं नाही, ते न पटणंच बरोबर होतं.

रिमूव्ह आणि पर्ज यांत फरक आहे. रिमूव्हने प्रोग्राम जातो, पण डेटा आणि कॉन्फिगरेशन जागेवर राहतं. पोस्टग्रेसचं सर्व्हर पॅकेज पर्ज करताना मात्र डेबियन एक प्रश्न विचारतं, डेटाच्या डिरेक्टऱ्याही काढायच्या का म्हणून, आणि त्याचं आधीच निवडून ठेवलेलं उत्तर "हो" असतं. घाईत एंटर दाबला की वाचनालयाची सूची गेली. नवीन सर्व्हर जुना डेटा "आपोआप उचलत" नाही, उचलूही शकत नाही. पोस्टग्रेसच्या मुख्य आवृत्त्यांमध्ये डेटा डिस्कवर मांडण्याची अंतर्गत रचना बदलते, त्यामुळे 13 ची डिरेक्टरी 15 समोर ठेवली तर 15 सुरूच होत नाही.

आता दोन सर्व्हर का दिसतात ते सांगते. हे एकदा समजलं की पुढची प्रत्येक पायरी तुमची तुम्हालाच सुचेल.

डेबियनमध्ये "पोस्टग्रेसक्यूएल" नावाचं जे पॅकेज आहे त्यात स्वतःचं असं काही नसतं. ते फक्त त्या डेबियनच्या पोस्टग्रेस आवृत्तीकडे बोट दाखवतं. डेबियन 11 मध्ये ते 13 कडे होतं, 12 मध्ये 15 कडे वळलं, म्हणून अपग्रेडमध्ये 15 आलं. 13 चा सर्व्हर हे मात्र स्वतंत्र पॅकेज आहे, त्यामुळे त्याला कोणी हात लावला नाही. 15 चं पॅकेज बसताना रिवाजाप्रमाणे "मेन" नावाचा एक नवा, रिकामा क्लस्टर (एका सर्व्हरखालचा डेटाबेसांचा संच) तयार झाला. 5432 वर 13 आधीच बसलेला होता, म्हणून त्याला पुढचा मोकळा पोर्ट मिळाला, 5433. तुमचा डेटा 13 मध्ये आहे आणि 15 रिकामा आहे.

दोन आवृत्त्या एकाच मशीनवर गुण्यागोविंदाने नांदाव्यात म्हणून डेबियनने प्रत्येक गोष्टीच्या मार्गात आवृत्तीचा आकडा घातला आहे. प्रोग्राम /यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/13/बिन मध्ये, डेटा /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/13/मेन मध्ये, कॉन्फिगरेशन /ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/13/मेन मध्ये. 15 साठी हेच तीन मार्ग, फक्त आकडा वेगळा. पीजी_ ने सुरू होऊन क्लस्टरवर संपणाऱ्या ज्या आज्ञा तुम्ही वापरता, त्या मूळ पोस्टग्रेसच्या नाहीत. त्या "पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन" या डेबियनच्या पॅकेजातून येतात. मार्टिन पिट यांनी ते सुरू केलं आणि ख्रिस्टोफ बर्ग यांनी पुढे वर्षानुवर्षं सांभाळलं. मला या कामाबद्दल फार आदर आहे. एखादा प्रोग्राम पॅकेजात बांधणं वेगळं आणि ज्याच्या पोटात लोकांचा डेटा आहे असा प्रोग्राम बांधणं वेगळं. पॅकेज मॅनेजरला प्रोग्रामची प्रत्येक फाइल ठाऊक असते, डेटा मात्र तुमचा असतो. डेटा आवृत्ती ओलांडून न्यायचा निर्णय या मंडळींनी मुद्दामच माणसावर सोडला आहे, आणि तो निर्णय अमलात आणायला लागणारी हत्यारं तयार करून हातात दिली आहेत. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हे पॅकेज ॲप्ट या डेबियनच्या पॅकेज मॅनेजरलाही सांगून ठेवतं की पोस्टग्रेस सर्व्हरची पॅकेजं ऑटोरिमूव्हच्या (नको असलेली पॅकेजं आपोआप काढण्याच्या) झाडूत घेऊ नकोस.

13 तसंच ठेवलं तर चालेल, पण ठेवू नका. डेबियन 12 च्या भांडारात 13 नाहीच, म्हणजे त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या येणार नाहीत. मूळ प्रकल्पाचा 13 चा आधारही नोव्हेंबर 2025 मध्ये संपला. 15 ला नोव्हेंबर 2027 पर्यंत आधार आहे.

आता काम. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिते, टाइप करताना रोमन अक्षरांत करा.

आधी ॲप्लिकेशन थांबवा आणि पूर्ण बॅकअप घ्या. पोस्टग्रेस वापरकर्ता होऊन पीजी_डम्पऑल चालवा, त्याला --क्लस्टर 13/मेन द्या आणि निघालेली फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवा. नुसतं पीजी_डम्प घेतलं तर एकाच डेटाबेसचा डेटा येतो, वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत. म्हणून डम्पऑल. फाइल उघडून शेवटपर्यंत लिहिली गेली आहे ना, ते डोळ्यांनी बघा.

मग 15 खरंच रिकामा आहे याची खात्री करा. पीएसक्यूएल या आज्ञेला --क्लस्टर 15/मेन आणि -एल द्या. यादीत पोस्टग्रेस, टेम्प्लेट0 आणि टेम्प्लेट1 एवढेच दिसले तर तो रिकामा. अपग्रेडनंतर कोणी चुकून तिथे काही तयार केलं असेल, तर ते इथेच उघड होईल.

रूट म्हणून पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप 15 मेन. ही आज्ञा "नक्की का?" असं विचारत नाही, सरळ पुसते. आकडा 15 च आहे ना, हे एंटरच्या आधी मोठ्याने वाचा. ही पायरी लागतेच, कारण पुढच्या आज्ञेला 15 मेन ही जागा मोकळी हवी असते.

त्यानंतर पीजी_अपग्रेडक्लस्टर 13 मेन. ती 15 चा नवा क्लस्टर तयार करते, वापरकर्ते आणि डेटाबेस 13 मधून काढून 15 मध्ये भरते, तुमचं कॉन्फिगरेशन नवीन जागी नेते आणि शेवटी पोर्टची अदलाबदल करते. म्हणजे 15 येतो 5432 वर आणि 13 जातो 5433 वर, तोही बंद अवस्थेत आणि मशीन सुरू झाल्यावर आपोआप उठणार नाही अशा बेताने. जँगोच्या सेटिंगला हात लावायची गरज नाही.

दीड जीबीला हीच, म्हणजे डम्पची, पद्धत वापरा. डेटाच्या फाइली तशाच उचलून -एम अपग्रेडने वेगात नेण्याचीही सोय आहे, शेकडो जीबी असतील तर ती हवीच. पण डम्पच्या पद्धतीत सगळे इंडेक्स नव्याने बांधले जातात, आणि नेमकं तेच तुम्हाला हवंय.

कारण सांगते. मजकुराचा इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली यादी. क्रम कोणता, हे पोस्टग्रेस बहुतेक वेळा लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीला विचारून ठरवतं. ऑगस्ट 2018 मध्ये जीलिबसी 2.28 आलं आणि त्यात हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. डेबियन 10 आणि रेड हॅट 8 मध्ये तो बदल पोचला. एका सहकारी संस्थेचा सर्व्हर मी पाहिला आहे. मुख्य मशीन डेबियन 9 वर, रेप्लिका (डेटाची हुबेहूब प्रत ठेवणारं दुसरं मशीन) नव्या हौसेने डेबियन 10 वर उभी केलेली, आणि एके दिवशी कारभार रेप्लिकावर हलवला. त्यांचे सभासद क्रमांक "11", "1-1" अशा धर्तीचे होते. जुन्या क्रमात "11" आधी येतं, नव्यात "1-1". इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला, शोधणारा नव्या क्रमाने शोधणारा. टेबलात असलेला सभासद शोधून सापडेना. युनिक असलेल्या रकान्यात तोच क्रमांक दुसऱ्यांदा शिरला. लॉगमध्ये एकही चूक नोंदली गेली नव्हती. त्या संस्थेतल्या बाई हातातल्या वहीशी पडताळून एकेक दुहेरी नाव काढत होत्या, ते मी विसरलेले नाही.

डेबियन 11 मध्ये जीलिबसी 2.31 आहे आणि 12 मध्ये 2.36. प्रत्येक उडीत तुमच्या अक्षरांचा क्रम हलतोच असं नाही. पण इंडेक्स पुन्हा बांधायला तुमच्या आकाराला काही मिनिटंच लागतात, मग विषाची परीक्षा कशाला?

आठवडाभर 15 वर देवघेव नीट चालली, की पीजी_ड्रॉपक्लस्टर 13 मेन. 13 चं पॅकेज पर्ज करायचं ते त्यानंतर.

कंटेनरवाला, तुमच्या सूचनेवर माझं म्हणणं असं. डॉकर मीही वापरते, पण "डेबियन 11 असो की 12, फरक पडत नाही" हे बरोबर नाही. अधिकृत इमेजच्या आतही डेबियनच असतं. पोस्टग्रेस:15 एवढाच टॅग लिहिलेल्यांच्या मशीनवर इमेज ओढता ओढता आतलं डेबियन 11 चं 12 झालं, डेटाची डिरेक्टरी तीच राहिली, आणि जीलिबसी खालून बदललं. टॅगमध्ये बुकवर्म (डेबियन 12) असं वितरणाचं नावही लिहिलं तरच ते थांबतं. अल्पाइन या छोट्या लिनक्सची इमेज घेतली तर तिथे जीलिबसीच नसतं, मसल नावाची दुसरी लायब्ररी असते, आणि ती सरळ अक्षरांच्या संकेतांकानुसार क्रम लावते. मराठी सूचीला त्याचा उपयोग नाही. शिवाय 13 चा डेटा 15 मध्ये न्यायचं काम कंटेनरमध्येही हातानेच करावं लागतं, आणि तिथे पीजी_अपग्रेडक्लस्टरचा उपयोग होत नाही.

---

अल्मा_आणि_मी

वरच्या उत्तरात थोडी भर, कुणी अल्मा किंवा रॉकी वापरत असेल तर. रेड हॅटच्या घराण्यात रीत वेगळी आहे. पॅकेज बसवलं तरी क्लस्टर तयार होत नाही आणि सर्व्हर सुरूही होत नाही. पोस्टग्रेसक्यूएल-सेटअप --इनिटडीबी स्वतः चालवायचं, मग सिस्टमसीटीएल एनेबल. डेबियनहून आलेली माणसं इथेच अडकतात.

डेटा /व्हार/लिब/पीजीएसक्यूएल/डेटा मध्ये असतो, मार्गात आवृत्तीचा आकडा नाही. त्यामुळे वितरणाच्या पॅकेजांनी एका वेळी एकच आवृत्ती बसवता येते. मुख्य आवृत्ती बदलताना पोस्टग्रेसक्यूएल-अपग्रेड नावाचं पॅकेज जुने प्रोग्राम घेऊन येतं आणि पोस्टग्रेसक्यूएल-सेटअप --अपग्रेड काम करतं. पोस्टग्रेस प्रकल्पाच्या स्वतःच्या भांडारातून घेतलं तर मात्र /यूएसआर/पीजीएसक्यूएल-16 अशी आवृत्तीवार मांडणी मिळते. आवृत्ती 8 वर त्याआधी डीएनएफ या तिथल्या पॅकेज मॅनेजरमध्ये पोस्टग्रेसचं मॉड्यूल डिसेबल करा, नाहीतर पॅकेज दिसतच नाहीत.

आणि डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवणार असाल तर एसईलिनक्सचं (लिनक्सच्या जादा सुरक्षा-व्यवस्थेचं) लेबल द्या, सीमॅनेज एफकॉन्टेक्स्टने. परवानग्या सगळ्या बरोबर दिसतात आणि सर्व्हर उठत नाही, असं झालं की नव्वद टक्के वेळा तेच असतं.

---

वाचनालय_सेवक

ताई, मनापासून आभार. बॅकअप घेतला, 15 रिकामाच होता, तुम्ही सांगितलं त्या क्रमाने केलं. 15 आता 5432 वर आहे. सभासदांची संख्या, पुस्तकांची संख्या आणि बाहेर गेलेली पुस्तकं तिन्ही आधीच्या आकड्यांशी जुळली. सकाळी वाचनालय उघडलं तेव्हा कुणाला काही कळलंही नाही.

क्रमाचा विषय तुम्ही काढलात म्हणून विचारतो. आमच्या जुन्या छापील सूचीत ळ हा ह च्या नंतर येतो आणि क्ष, ज्ञ सगळ्यात शेवटी. संगणकाच्या यादीत "काळ" हे "काव्य"च्या आधी येतं आणि "क्षितिज" क मध्येच बसतं. आमचे ज्येष्ठ वाचक छापील सूचीला सरावलेले आहेत, ते शेवटच्या पानावर ज्ञ शोधतात. हे दुरुस्त करायला पोस्टग्रेस प्रकल्पाच्या भांडारातून आणखी नवी आवृत्ती घ्यावी लागेल का? तसं केलं तर डेबियनशी भांडण होईल का?

---

पुणे_डीबीए

आकडे आधी लिहून ठेवून नंतर जुळवलेत, हे फार चांगलं केलंत.

तुमची यादी संकेतांकाच्या क्रमाने लागते आहे. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, व च्या आधी. आणि क्ष हे वेगळं अक्षर नाहीच, क, हलन्त आणि ष अशी जोडणी आहे, म्हणून ते क मध्ये जातं. तुमचा डेटाबेस बहुधा सी लोकेलवर (भाषेचे नियम न लावणाऱ्या सेटिंगवर) तयार झालेला असणार, पीएसक्यूएल -एल मध्ये कोलेटचा, म्हणजे क्रमाच्या नियमाचा, रकाना बघा.

भांडार बदलायच्या आधी 15 मध्येच एक प्रयोग करा. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीचे क्रमही तयार असतात आणि त्यात मराठीचा आहे, नाव एमआर-एक्स-आयसीयू. "काळ", "काव्य", "काहूर", "क्षितिज", "ज्ञान", "हळद", "हवा" असे शब्द एका तात्पुरत्या टेबलात टाका आणि ऑर्डर बायच्या पुढे कोलेट लिहून हे नाव द्या, दुहेरी अवतरणात. निघालेली यादी छापील सूचीशेजारी धरा. जुळली तर शीर्षकाच्या आणि लेखकाच्या रकान्याला तोच कोलेशन कायमचा लावा. त्या रकान्यांवरचे इंडेक्स त्याच वेळी नव्याने बांधले जातील. काम तिथेच संपलं.

एखादं अक्षर तुमच्या सूचीप्रमाणे बसलं नाही, तरच नव्या आवृत्तीचा विचार करा. पोस्टग्रेस 16 पासून क्रिएट कोलेशनमध्ये आपले नियम आपण लिहू शकतो, ह च्या पुढे ळ, त्याच्या पुढे क्ष, त्याच्या पुढे ज्ञ, अशा साध्या भाषेत. 15 मध्ये ही सोय नाही. वाचकांना शेवटच्या पानावर ज्ञ मिळणं हे आवृत्ती बदलण्याचं मला पूर्ण पटणारं कारण आहे. "नवीन आहे म्हणून" हे नाही.

प्रकल्पाचं भांडार जोडल्याने डेबियनशी भांडण होत नाही. तिथली पॅकेजं त्याच पद्धतीने बांधलेली असतात, तीच पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन वापरतात, मार्गही तेच. पोस्टग्रेसक्यूएल-कॉमनमध्येच ते भांडार जोडणारी स्क्रिप्ट असते, ती वापरा. कुठल्याशा लेखातून ॲप्ट-कीची जुनी आज्ञा उचलू नका. एक मात्र नक्की करा: बसवताना पोस्टग्रेसक्यूएल-16 असं आकड्यासह नाव द्या. बिनआकड्याचं पॅकेज त्या भांडारात नेहमी सगळ्यात नव्या आवृत्तीकडे बोट दाखवतं, त्यामुळे दर वर्षी नको असताना नवा सर्व्हर येऊन बसेल.

15 मध्ये दोन गोष्टी वेगळ्या वाटतील. तुमच्या जुन्या डेटाबेसच्या परवानग्या होत्या तशाच आल्या आहेत, पण 15 मध्ये एखादा नवा डेटाबेस तयार केलात तर साध्या वापरकर्त्याला त्याच्या पब्लिक स्कीमात (टेबलं ठेवायच्या सामाईक जागेत) टेबल करता येणार नाही. तो बिघाड नाही. परवानगी देऊन टाका किंवा त्याला डेटाबेसचा मालक करा.

दुसरी गोष्ट डेबियन 13 वर जाल तेव्हाची. 15 पासून पोस्टग्रेस डेटाबेस तयार होतानाची जीलिबसीची आवृत्ती लिहून ठेवतं. डेबियन 13 मध्ये ती 2.41 आहे, त्यामुळे 15 ला जोडणी करताच कोलेशनची आवृत्ती जुळत नाही असा इशारा येऊ शकतो. इशाऱ्यातच अल्टर डेटाबेस, रिफ्रेश कोलेशन व्हर्जन अशी आज्ञा सुचवलेली असते. ती आधी चालवू नका. ती फक्त नोंद बदलते, इंडेक्स दुरुस्त करत नाही. आधी रीइंडेक्स डेटाबेस, मग रिफ्रेश. पुन्हा डम्पच्या पद्धतीने 17 वर गेलात, तर तेही करावं लागणार नाही.

---

वाचनालय_सेवक

प्रयोग आजच संध्याकाळी करतो, छापील सूची कपाटातून काढून ठेवली आहे. शेवटचं विचारतो: डेबियन 13 च्या वेळी तो रिकामा क्लस्टर तयारच होऊ नये अशी काही सोय आहे का? ड्रॉपक्लस्टर टाइप करताना माझे हात थरथरत होते.

---

पुणे_डीबीए

आहे. /ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन मध्ये क्रिएटक्लस्टर.कॉन्फ नावाची फाइल आहे. तिच्यात क्रिएट_मेन_क्लस्टर ची ओळ सापडेल, सुरुवातीचं # काढून किंमत फॉल्स करा. मग 17 चं पॅकेज बसेल, पण क्लस्टर होणार नाही, आणि तुम्ही सरळ पीजी_अपग्रेडक्लस्टर 15 मेन पासून सुरुवात कराल. पोस्टजीआयएससारखं वेगळ्या पॅकेजातलं एखादं एक्स्टेन्शन तोवर वापरायला लागला असाल, तर त्याचं 17 साठीचं पॅकेज त्याआधी बसवा, नाहीतर डेटा भरताना काम मध्येच थांबेल.

ती फाइल आजच बदलून ठेवा.